बंदुकीच्या पोटची भावंडं

बीएसए एसएलआर ही सायकल आपल्यातल्या पुष्कळांनी शाळा-कॉलेजात हाणली. त्या तीन अक्षरांचा अर्थ मात्र फारसा कुणी विचारला नाही. बीएसए म्हणजे बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स. शिपायाच्या हातातल्या बंदुका बनवणारी कंपनी! तिचं जुनं बोधचिन्हही तसंच आहे. छावणीत शिपाई एकमेकींना टेकवून उभ्या करतात तशा तीन बंदुका. बीएसएच्या जुन्या मोटारसायकलींवर हेच चिन्ह मिरवत असे. बुलेटवाल्यांना तर बंदुकीचं नातं सांगायलाच नको. ‘मेड लाइक अ गन’ हे त्यांचं ब्रीद टी-शर्टांवरसुद्धा असतं.

इथपर्यंत नवल काही नाही. नवल पुढे आहे. लांबच्या रस्त्याला निघालेल्या मोटारसायकलवाल्याच्या जॅकेटच्या खिशात हमखास एक घडीचा चाकू सापडतो. त्यातही लाल मुठीचा स्विस चाकू जास्त. तो चाकूही बंदुकीमुळेच जन्माला आला. म्हणजे बुडाखालची गाडी आणि खिशातला चाकू ही एकाच घरची भावंडं निघाली. हे लक्षात आल्यापासून मी जो भेटेल त्याला ऐकवतो आहे. ऐकणाऱ्यांपैकी काहींनी हरकती घेतल्या, त्यांचाही समाचार पुढे घेतोच.

आधी चाकू. स्विस सैन्यानं १८८९ साली श्मिट-रुबिन नावाची नवी रायफल स्वीकारली. मागे-पुढे सरळ ओढायचा बोल्ट, त्या काळी अगदी आधुनिक. पण ती साफ करायला उघडायची, तर स्क्रू ड्रायव्हर हवा. तेव्हा शिपायाचं जेवण पत्र्याच्या डब्यातून येऊ लागलं होतं, म्हणजे डबा फोडायलाही काहीतरी हवं. दोन्हींसाठी वेगळी हत्यारं कुठे वागवणार? म्हणून सैन्यानं ठरवलं, एकाच मुठीत सगळं बसवा. १८९० सालच्या त्या शिपाई-चाकूत चार गोष्टी होत्या: पातं, चामड्याला भोक पाडायची आरी, डबा फोडायचं पातं आणि बंदुकीचा स्क्रू ड्रायव्हर. मूठ गडद ओक लाकडाची.

गंमत अशी की स्विस सैन्याचा हा पहिला चाकू स्विस नव्हताच. एवढा माल काढू शकेल असा कारखाना तेव्हा स्वित्झर्लंडमध्ये नव्हता, त्यामुळे पहिले १५,००० चाकू जर्मनीतल्या झोलिंगनहून आले. इबाख गावात १८८४ पासून चाकूंचं दुकान चालवणाऱ्या कार्ल एल्सनरला हे फार लागलं. त्यानं देशातल्या चाकूवाल्यांना एकत्र केलं आणि १८९१ मध्ये स्वदेशी माल सैन्याला दिला. पण झोलिंगनचा कारखान्यातला माल स्वस्त पडे. सोबतचे एकेक करून गळाले, एल्सनर कर्जात बुडाला. तरी गडी हटला नाही. १८९७ मध्ये त्यानं अधिक हलका, अधिक पात्यांचा, बुचाचा स्क्रू असलेला ‘अधिकाऱ्यांचा चाकू’ काढला. सैन्यानं तो अधिकाऱ्यांना कधी दिला नाही, त्यांनी तो आपल्या पैशानं विकत घेतला. पुढे आईच्या नावावरून व्हिक्टोरिया, मग १९२१ मध्ये न गंजणाऱ्या पोलादावरून व्हिक्टोरिनॉक्स, दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी शिपायांनी खरेदी करून घरोघर पोचवलेला ‘स्विस आर्मी नाइफ’, ही कथा सर्वांना पाठ आहे.

आता पहिली हरकत. चाकूत स्क्रू ड्रायव्हर बसवण्याची कल्पना स्विस लोकांची नव्हेच, असं इंग्लंडमधल्या शेफील्ड या चाकूंच्या शहराचे अभिमानी म्हणतात, आणि त्यांच्या हातात पुरावा आहे. हर्मन मेलव्हिलच्या ‘मोबी डिक’ या कादंबरीत जहाजावरच्या सुताराचं वर्णन करताना शेफील्डच्या चाकूची उपमा आली आहे. त्या चाकूत पात्यांबरोबर स्क्रू ड्रायव्हर, बुचाचा स्क्रू, चिमटा, आरी अशी भलीमोठी यादी आहे. कादंबरी १८५१ ची, म्हणजे एल्सनरच्या जन्माआधीची. त्याच वर्षी लंडनच्या जागतिक प्रदर्शनात शेफील्डच्या जोसेफ रॉजर्स कंपनीनं ७५ पात्यांचा ‘नॉरफोक नाइफ’ मांडला होता. त्याही मागे जायचं तर केंब्रिजच्या फिट्झविल्यम संग्रहालयात रोमन काळातलं घडीचं अवजार आहे, त्यात पात्यासोबत चमचा आणि काटाही आहे.

पुरावा मान्य, निष्कर्ष अमान्य. ७५ पात्यांचा चाकू खिशात मावत नाही, तो काचेच्या पेटीत ठेवायचा असतो. शेफील्डचे बहुपाती चाकू शौकिनांच्या चैनीचे होते. स्क्रू ड्रायव्हर तिथे ‘असू दे’ म्हणून होता. साध्या शेतकऱ्याच्या पोराच्या खिशात, नग मोजून, एकसारखा चाकू कोंबला तो सैन्यानं, आणि कोंबला तो बंदुकीपायी. कल्पना कुणाला सुचली हे मला महत्त्वाचं वाटत नाही. ती चीज गरजेची कुणी केली, ते महत्त्वाचं.

पण शेफील्डवाल्यांचे आभार मानायला हवेत. त्यांच्यामुळे मी १८५१ च्या त्या प्रदर्शनाकडे नीट पाहिलं, आणि गाडीच्या कुळाचा धागा तिथेच हाती आला. हाइड पार्कातल्या त्याच काचमहालात अमेरिकेतल्या व्हर्मांटच्या रॉबिन्स अँड लॉरेन्स कंपनीनं सहा रायफली मांडल्या होत्या. दिसायला साध्या. पण सहाही खोलून सुटे भाग एकत्र मिसळा, हाताला येतील ते उचलून पुन्हा जोडा, सहाही चालतील! तोवर इंग्लंडमध्ये बंदुकीचा प्रत्येक भाग कारागीर कानशीनं घासून त्या-त्या बंदुकीपुरता बसवत असे. इंग्रज सरकार हादरलं. त्यांनी अमेरिकेत माणसं पाठवली, यंत्रं विकत घेतली आणि लंडनजवळच्या एन्फील्ड गावातल्या सरकारी बंदूक कारखान्यात ती बसवली.

एन्फील्ड हे नाव आपल्याला बुलेटच्या कितीतरी आधीपासून ठाऊक आहे. १८५७ मध्ये ज्या रायफलीच्या चरबी लावलेल्या काडतुसांवरून वणवा पेटला, ती एन्फील्ड. आणि पोलीस हवालदाराच्या खांद्यावर वर्षानुवर्षं दिसलेली थ्री-नॉट-थ्री, तीही ली-एन्फील्ड.

सरकारी कारखान्यात यंत्रं आली तशी बर्मिंगहॅमच्या बंदूक कारागिरांच्या पोटात गोळा आला. आपली रोजी जाणार हे ओळखून ते १८६१ मध्ये एकत्र आले आणि त्यांनीही यंत्रांचा कारखाना काढला. हीच बीएसए. अडचण एकच होती. बंदुकीचा कारखाना युद्धावर जगतो. शांतता झाली की यंत्रं थंड. मागणीच नसल्यानं बीएसएचा कारखाना बंद ठेवायची वेळ आली. अशात १८८० च्या सुमाराला ऑटो नावाचा गृहस्थ आपली विचित्र दुचाकी घेऊन संचालकांकडे आला. तिची दोन्ही चाकं शेजारी-शेजारी, मध्ये बसणारा. सांगतात की त्यानं ती थेट बैठकीच्या टेबलावर चालवून दाखवली. बीएसएनं ती करायला घेतली, मग साध्या सायकली, सायकलींचे सुटे भाग, आणि १९१० मध्ये मोटारसायकल.

रॉयल एन्फील्डचं मूळ त्याहून गमतीचं. रेडिच हे सुयांचं गाव. तिथे टाउनसेंडनं १८५१ मध्ये (हे वर्ष आपला पिच्छा सोडत नाही) सुयांचा कारखाना काढला, पुढे तो सायकलींकडे वळला. १८९१ मध्ये ईडी आणि स्मिथ या दोघांनी तो ताब्यात घेतला. एन्फील्डच्या बंदूक कारखान्याला सुटे भाग पुरवायचं काम मिळालं, त्या आनंदात त्यांनी सायकलीचं नाव एन्फील्ड ठेवलं, मागाहून ‘रॉयल’ जोडलं आणि १८९३ मध्ये ‘मेड लाइक अ गन’ हे ब्रीद घेतलं. मोटारसायकल आली १९०१ मध्ये. कुणी म्हणेल, ही तर नुसती जाहिरात. असेल. पण बंदुकीचे भाग जो मापात करून देतो त्याच्या सायकलीचा हबही मापात असणार, हे तेव्हाच्या गिऱ्हाइकाला पटत होतं, यातच सगळं आलं.

दुसरी हरकत जास्त वजनदार आहे. सायकलीची आणि पर्यायानं मोटारसायकलीची आई बंदूक नव्हे, शिवणयंत्र, असं मानणारा एक पक्ष आहे. कॉव्हेंट्रीत सायकलींचा धंदा सुरू झाला तो शिवणयंत्रांच्या कारखान्यात, १८६९ मध्ये. ट्रायम्फ काढणारा बेटमान न्यूरेंबर्गहून येऊन इंग्लंडमध्ये आधी शिवणयंत्रंच विकत होता. हा पक्ष मला बराच काळ निरुत्तर करत असे. मग हार्टफर्डचं उदाहरण सापडलं. कर्नल पोपनं १८७८ मध्ये अमेरिकेतल्या आपल्या पहिल्या सायकली तिथल्या वीड शिवणयंत्र कंपनीत करून घेतल्या. आणि वीडचा कारखाना कुठे होता? शार्प्स रायफलच्या जुन्या कारखान्यात! एकसारखे सुटे भाग यंत्रावर काढायची विद्या शिवणयंत्रवाल्यांनी बंदूकवाल्यांकडूनच उचलली. स्वीडनच्या हुस्कव्हार्नाकडे पाहा: १६८९ मध्ये बंदुका, १८७२ मध्ये शिवणयंत्रं, मग सायकली, १९०३ मध्ये मोटारसायकल. आई शिवणयंत्र असेल तर असो, आजी बंदूकच.

आणखी साक्षीदार हवेत? बेल्जियमची एफएन कंपनी १८८९ मध्ये निघाली तीच सरकारला दीड लाख माउझर रायफली पुरवायला. १९०१ पासून ती मोटारसायकली करू लागली. आणि आपल्याकडे जिच्यावर लोक आजही जीव टाकतात ती जावा. तिचा जनक यानेचेक शस्त्रं बनवणारा होता. लष्करी मागणी आटली तेव्हा त्यानं १९२९ मध्ये वांडरर या जर्मन कंपनीचं मोटारसायकलीचं काम उचललं. त्याच्या नावाच्या रोमन स्पेलिंगमधलं ‘जा’ आणि वांडररमधलं ‘वा’, झाली जावा. म्हैसूरची येझदी तिचीच लेक.

माझ्या सिद्धांतात हार्ली-डेव्हिडसन बसत नाही, हे कबूल. होंडाला मी ओढूनताणून बसवतो. १९४६ मध्ये होंडानं सायकलींना लावलेली पहिली इंजिनं लष्कराच्या वायरलेस संचांसाठी केलेल्या जनरेटरांची होती. बंदूक नसेल, छावणी तरी तीच.

भावंडांची भेट कुठे झाली? माझ्या मते १९१४ च्या युद्धात. तारा तुटलेल्या, खंदकांनी उसवलेल्या रणभूमीवर निरोप पोचवायचं काम मोटारसायकलवाल्या शिपायांकडे आलं. त्यांच्यासाठी ट्रायम्फनं मॉडेल एच या गाड्या सुमारे ३०,००० पुरवल्या. ब्रिटिश शिपायाला घडीचा चाकू सरकारातून मिळे: रुंद पातं, डबा फोडायचं पातं आणि दोराच्या गाठी सोडवायचा जाड सुळा. आधुनिक ‘रायडर’चा पहिला पूर्वज मला इथे दिसतो. चिखलात अडकलेली गाडी, ढिला झालेला पट्टा आणि खिशात हात.

अलीकडे या घराण्यात एक दत्तक आला आहे. टिम लेदरमन नावाचा अमेरिकी तरुण १९७५ मध्ये जुन्या फियाटमधून युरोपभर फिरत होता. गाडी आणि हॉटेलांचे नळ सतत बिघडत, आणि त्याच्याजवळच्या स्काउट चाकूत पक्कड नव्हती. घरी परतून त्यानं पक्कडच मधोमध घालून अवजार केलं, पण ते बाजारात यायला १९८३ उजाडलं. पुष्कळ मोटारसायकलवाले आता हेच बाळगतात. मोटारीच्या पोटी जन्मलेला हा, बंदुकीचा नव्हे, असं म्हणता येईल. पण लेदरमनच्या खिशात आधी होता तो स्काउट चाकू, आणि स्काउट चळवळ काढणारा बेडन-पॉवेल फौजेतलाच.

उपयोगाचं म्हणाल तर आजच्या रस्त्यावर बंदूक कुणाला उघडायची नाही. ट्यूबलेस टायरमध्ये पंक्चरची पट्टी खोचल्यावर बाहेर राहिलेलं टोक कापायला पातं लागतं. सामान बांधलेली दोरी, प्लास्टिकचे टाय, फाटलेली पेट्रोलची नळी, वायरचं वरचं आवरण, सगळ्याला तेच. मागे बसलेल्या बाईची ओढणी किंवा साडीचा पदर चेनमध्ये गेला तर गाठी सोडवत बसायचं नसतं, सरळ कापायचं असतं. पण जुन्या बुलेटवाल्याला विचाराल तर तो पात्याआधी स्क्रू ड्रायव्हरचं नाव घेईल. कार्ब्युरेटरचा स्क्रू पाव फेरा इकडे-तिकडे केला की घाटात धापा टाकणारी गाडी पुन्हा सुरात येते. श्मिट-रुबिनसाठी बसवलेलं अवजार असं अखेर भावंडाच्याच कामी आलं. बुचाचा स्क्रू मात्र मी आजवर कुणाला वापरताना पाहिलेला नाही. लेहला विमानानं जाऊन तिथे गाडी भाड्यानं घेणाऱ्यांनी एवढं पाळावं, चाकू हातातल्या पिशवीत ठेवू नये, सामानात टाकावा. विमानतळावर तो काढून घेतात.

एक विनंती. सातारा-कोल्हापूरकडच्या अनेक घरांतले आजोबा-पणजोबा दोन्ही महायुद्धांत लढून आले. त्यांच्या ट्रंकेत जाड सुळ्याचा, गंजलेला घडीचा चाकू असेल तर भंगारात घालण्याआधी पात्याचं बूड घासून बघा. बाणाच्या टोकासारखी खूण आणि शेजारी साल कोरलेलं दिसलं, तर तो ब्रिटिश सरकारी चाकू आहे. तेल लावा, जपून ठेवा, आणि कुणी विकत मागितला तर देऊ नका.