नोंदवहीतील माणसे : मॉर्मन पंथाची वाढ आणि पुण्यातील एक जुना दाखला

खडकीच्या युद्धस्मशानभूमीत पहिल्या महायुद्धाच्या काळातील एक स्मारक आहे. हिंदुस्थानात मरण पावलेल्या अठराशेहून अधिक सैनिकांची नावे त्यावर कोरलेली आहेत. हे सैनिक मात्र येथे पुरलेले नाहीत. त्यांच्या कबरी उपखंडातील ठिकठिकाणच्या छावण्यांत राहिल्या आणि तेथे त्यांची निगा राखणे शक्य न झाल्याने नावे तेवढी खडकीत आली. नाव एकीकडे आणि माणूस दुसरीकडे, ही गोष्ट छावणीच्या गावाला नवी नाही. मॉर्मन पंथ खरोखर वाढतो आहे काय, या प्रश्नाकडे आम्ही येथूनच पाहू इच्छितो.

हा प्रश्न वाटतो तितका परका नाही. १८३० साली अमेरिकेत जोसेफ स्मिथ याने स्थापन केलेला हा पंथ अवघ्या बावीस वर्षांत पुण्यात पोहोचला होता. ह्यू फिंडले हा प्रचारक १८५२ साली मुंबईत उतरला आणि त्याच वर्षी पुण्यात त्याने एक छोटी शाखा उभी केली. सभासद जेमतेम डझनभर, त्यांत गोऱ्या पलटणीतील माणसे, युरेशियन आणि काही एतद्देशीय. लष्करी अधिकाऱ्यांचा विरोध प्रथमपासूनच होता. शिवाय पलटणीचा माणूस हुकूम निघाला की गाव सोडतो. कोणी बदलून गेले, कोणी दूरच्या यूटाकडे निघाले. दशक संपण्यापूर्वीच हिंदुस्थानातील ते प्रचारकार्य आटोपले. शाखा मोडली. मात्र ज्यांचा बाप्तिस्मा झाला, ते नोंदीपुरते सभासद झालेच होते.

आज पंथाचे अधिकृत आकडे काय सांगतात? १९८० साली सुमारे ४६ लाख सभासद होते, १९९० साली ७८ लाख, २०१० साली १ कोटी ४१ लाख आणि २०२४ अखेर सुमारे १ कोटी ७५ लाख. म्हणजे वाढ आहेच. परंतु १९८० च्या दशकात ती वर्षाला पाच टक्क्यांच्या आसपास होती, ती अलीकडे सव्वा टक्क्याच्या घरात आली आहे. रॉडनी स्टार्क या समाजशास्त्रज्ञाने १९८४ साली भाकीत केले होते की, दर दशकास तीस टक्के वाढ धरली तरी २०८० पर्यंत हा पंथ सहा कोटींच्या पुढे जाईल. सुरुवातीच्या वेगामुळे एकूण आकडा अजूनही त्या अंदाजाच्या वर आहे. २०१० ते २०२० या दशकातील वाढ मात्र अठरा टक्क्यांच्या आसपासच भरते.

खरा पेच याहून खोल आहे. या पंथाच्या नोंदवहीत एकदा आलेले नाव सहसा निघत नाही. सभासदाने स्वतः राजीनामा दिला, त्यास काढून टाकले किंवा त्याचा मृत्यू कळला, तरच ते निघते. ज्याचा ठावठिकाणा लागत नाही असा सभासद वयाच्या एकशेदहाव्या वर्षापर्यंत गणनेत राहू शकतो. ब्राझीलमध्ये २०१० साली पंथाच्या मते साडेअकरा लाखांच्या आसपास सभासद होते. त्याच वर्षीच्या जनगणनेत स्वतःस मॉर्मन म्हणविणारे निघाले सव्वादोन लाख. चिलीत २००२ साली पंथाचा आकडा पाच लाखांवर होता, तर जनगणनेत पंधरा वर्षांवरील मॉर्मन लाखभर भरले. मुले मिळविली तरी हे अंतर बुजत नाही.

मग जनगणना खरी आणि नोंदवही खोटी, असे म्हणावे काय? महाराष्ट्रातील वाचकाने येथे थबकावे. आजच्या महाराष्ट्राच्या प्रदेशात १९५१ साली बौद्धांची संख्या सुमारे अडीच हजार होती. १९६१ साली ती २७ लाख ८९ हजार झाली. मध्ये १९५६ ची नागपूरची दीक्षा होती. या वाढीमागे धर्मसंस्थेची नोंदवही नव्हती. प्रगणकासमोर लोकांनी स्वमुखाने 'बौद्ध' असे सांगितले, आणि तेही अनुसूचित जातींच्या केंद्रीय सवलती जाण्याचा धोका पत्करून. त्या सवलती बौद्धांना १९९० साली मिळाल्या. दलित ख्रिस्ती १९५० च्या आदेशानुसार आजही त्या यादीबाहेर आहेत. म्हणून आपल्याकडे चर्चची वही आणि जनगणना यांत फरक पडला, तर तो वहीच्या फुगवट्यामुळेच पडला असे छातीठोकपणे म्हणता येत नाही. धर्म उघड सांगण्याची किंमत मोजावी लागते, तेथे जनगणनेतही माणूस लपतो. ब्राझील वा चिलीत अशा सवलतींचा प्रश्न नव्हता. तेथील दरीचा अर्थ म्हणूनच अधिक सरळ आहे: अनेकांनी पंथ सोडला, पण नाव कोणी खोडले नाही.

आमचे उत्तर असे: मॉर्मन पंथाची नोंदवही वाढते आहे, पण तिचा वेग मंदावला आहे, आणि पंथास आपला मानणारी माणसे नोंदवहीहून पुष्कळ कमी आहेत. भारतात आज त्यांची संख्या काही हजारांतच मोजावी लागते. हैदराबादेत २०१२ साली त्यांचा पहिला 'स्टेक', म्हणजे अनेक मंडळ्यांचा विभाग, स्थापन झाला, तर बंगळुरूच्या मंदिराची घोषणा २०१८ साली झाली. पुण्याच्या पहिल्या शाखेनंतरची ही दीड शतकाहून अधिक काळाची वाटचाल आहे.

साहित्याच्या अभ्यासकांनाही हा दाखला उपयोगी पडावा. एखाद्या संप्रदायाचा वा वाङ्मयीन चळवळीचा इतिहास लिहिताना आपण अनुयायांचे आकडे सहज उद्धृत करतो. तो आकडा कोणी मोजला, आणि गेलेल्याचे नाव खोडण्याची त्याच्याकडे काही रीत होती काय, हे आधी विचारावयास हवे.