आजी-आजोबांच्या ताटात डाळ किती? म्हातारपणीचा अशक्तपणा आणि आहार

लातूर/नांदेड : "वय झालं, आता असंच चालायचं." घरातलं म्हातारं माणूस उठताना भिंतीला हात टेकायला लागलं की आपल्याकडे हे वाक्य ठरलेलं. वयानुसार ताकद कमी होते हे खरं आहे. पण ती किती आणि किती लवकर कमी होते, यात रोजच्या जेवणाचा मोठा वाटा असतो. वेळेवर लक्ष दिलं तर गेलेली ताकद काही प्रमाणात परतही येते.

अशक्तपणा ओळखायचा कसा?

डॉक्टर या अवस्थेला 'फ्रेल्टी' म्हणतात. अमेरिकेतील डॉ. लिंडा फ्राइड आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये तिची पाच लक्षणं मांडली. वर्षभरात विनाकारण वजन घटणं (५० किलोच्या माणसाचं अडीच किलो गेलं तरी धरायचं), सतत थकवा, हाताची पकड ढिली होणं, चाल मंदावणं आणि हालचाल कमी होणं. यातली तीन असतील तर माणूस फ्रेल, एक-दोन असतील तर सुरुवात झाली असं समजतात. सुरुवातीलाच सावध झालेलं बरं. कारण अशा माणसाला साधा ताप आला तरी अंथरूण धरावं लागतं, आणि न्हाणीत पाय घसरला तर खुब्याचं हाड मोडतं.

घरच्या घरी एक तपासणी करता येते. हात न टेकता खुर्चीवरून पाच वेळा उठायला-बसायला सांगा, शेजारी कुणीतरी उभं राहा. १५ सेकंदांपेक्षा जास्त लागले तर पायातली ताकद कमी झाली आहे.

ताटात काय कमी पडतं?

स्नायूंना प्रथिनं लागतात. राष्ट्रीय पोषण संस्था, हैदराबादच्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाला वजनाच्या दर किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं हवीत. ६५ च्या पुढं शरीर प्रथिनांचा वापर नीट करू शकत नाही, म्हणून आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने २०१३ मध्ये १ ते १.२ ग्रॅम सुचवले. म्हणजे ५० किलोच्या आजीला रोज किमान ५० ग्रॅम.

आता आपल्याकडचं नेहमीचं जेवण बघा. सकाळी चहा-खारी, दुपारी भात आणि पातळ वरण, रात्री चहात कुस्करलेली चपाती. दात गेले, भूक मेली, म्हणून मऊ ते खायचं. पोट भरतं, पण प्रथिनं निम्मीही जात नाहीत. रेशनवर मिळतात ते मुख्यतः गहू-तांदूळ. दिवाळीनंतर मुखेड, कंधार, जळकोट भागातली कर्ती माणसं ऊसतोडीला गेली की मागे राहिलेली म्हातारी एकटीपुरती चूल पेटवायचा कंटाळा करते. शेतात तूर आणि सोयाबीन पिकतं, पण ते पोत्यात भरून आडतीवर जातं.

हिशोब कसा जुळवायचा?

ज्वारीच्या तीन भाकरीत साधारण १८ ते २० ग्रॅम, घट्ट वरणाच्या दोन वाट्यांत १२, पेलाभर दुधात ६, वाटीभर दह्यात ३, एका अंड्यात ६ आणि मूठभर शेंगदाण्यांत ६ ग्रॅम प्रथिनं मिळतात. बेरीज पन्नासच्या आसपास जाते. अंडं चालत नसेल तर दूध-दही वाढवावं. बी-१२ जीवनसत्त्व डाळी-भाजीत नसतं, तेही दूध-दह्यातून मिळतं.

दात नसतील तर भाकरी दुधात किंवा वरणात कुस्करून द्यावी. पिठलं, डाळ जास्त घातलेली मुगाची खिचडी, दह्याबरोबर मऊ धपाटे, भाजीत शेंगदाण्याचं कूट हे सगळं चालतं. ज्वारीच्या दहा किलो दळणात किलोभर नीट भाजलेलं सोयाबीन टाकता येतं. कच्चं सोयाबीन मात्र पचत नाही.

एकादशीला साबुदाण्यावर भागवू नये. साबुदाणा म्हणजे जवळपास नुसता स्टार्च. शेंगदाण्याची आमटी, राजगिरा, दूध, दही घ्यावं. मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर उपवासाआधी डॉक्टरांना विचारावं.

खाल्लेलं अंगी लागायला हालचालही हवी. सकाळ-संध्याकाळ वेशीपर्यंत चालणं आणि दिवसातून दोन-तीनदा दहा वेळा खुर्चीवरून उठणं-बसणं, एवढं जमलं तरी फरक पडतो. म्हातारपणी तहान कळत नाही, म्हणून पाण्याचा तांब्या जवळ ठेवावा.

दवाखान्यात कधी न्यायचं?

वजन झपाट्यानं उतरत असेल तर नुसतं खाऊ घालत बसू नये. मधुमेह, क्षयरोग, थायरॉईड, कर्करोग यांतही वजन जातं. गिळताना ठसका लागत असेल तरी तपासून घ्यावं. किडनीचा आजार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रथिनं वाढवू नयेत.

कवळीसाठी केंद्राची राष्ट्रीय वयोश्री योजना आहे. ६० वर्षांवरील गरीब ज्येष्ठांना तिच्यात काठी, चष्मा, श्रवणयंत्राबरोबर कवळीही मोफत मिळते. ज्येष्ठांसाठीच्या १४५६७ या मोफत हेल्पलाइनवर माहिती विचारता येते.

आणि एक साधी गोष्ट घरच्यांच्या हातात आहे. आजी-आजोबांना वरण वाढताना वरचं पाणी घालू नये. पळी तळापर्यंत घालून ढवळावी आणि खालची घट्ट डाळ आधी त्यांच्या ताटात पडू द्यावी.