एअर इंडियाचं विमान लेट का होतं? फोनवर काय दिसतं आणि काय नाही

देहूरोडहून लोहगाव विमानतळ साधारण तीस किलोमीटर. निगडी, भोसरी, दिघी, विश्रांतवाडी असा रस्ता. सकाळी शिफ्टच्या गाड्या सुरू झाल्या की किती वेळ लागेल ते मॅपलाही नीट सांगता येत नाही. अशा वेळी निघण्याआधी आपण एअर इंडियाच्या अ‍ॅपमध्ये स्टेटस बघतो. तिथे ‘ऑन टाइम’ असतं. विमानतळावर पोहोचल्यावर बोर्डवर ‘डिलेड’. मग ‘सरकारी होती तेव्हाही अशीच, टाटांकडे गेली तरी तशीच’ हा संवाद रांगेत सुरू होतो.

हा संवाद अगदीच खोटा नाही. पण त्यात तीन वेगळ्या गोष्टी एकत्र होतात: वेळापत्रक, सेवा आणि सुरक्षितता. तुटलेली सीट ही सेवेची अडचण. दोन तास उशीर ही बहुतेक वेळा वेळापत्रकाची. सुरक्षिततेचा प्रश्न या दोन्हींपेक्षा वेगळ्या ठिकाणी असतो आणि तो प्रवाशाला सहसा दिसतच नाही. फोनवरून यातलं काय कळू शकतं ते बघू.

फ्लाइट नंबर नव्हे, विमान बघा

२० जून २०२५ ची गोष्ट घ्या. एअर इंडियाचं एआय २४६९ हे विमान दिल्लीहून पुण्यात सुखरूप उतरलं. उतरल्यावर तपासणीत कळलं की पक्षी धडकलाय. विमान तपासणीसाठी थांबवलं आणि पुण्याहून दिल्लीला परत जाणारी फेरी रद्द झाली. पुण्यात बॅगा घेऊन बसलेल्या लोकांच्या दृष्टीने त्यांची फ्लाइट ‘अचानक’ रद्द झाली होती. प्रत्यक्षात अडचण त्यांच्या आधीच्या फेरीत घडली होती.

विमान एसटीसारखं चालतं. एकच गाडी दिवसभर फेऱ्या मारते. दिल्ली-पुणे, पुणे-दिल्ली, मग दिल्लीहून आणखी कुठेतरी. सकाळी पहिल्या फेरीला चाळीस मिनिटं गेली की ती संध्याकाळपर्यंत पुढे पुढे ढकलली जातात. इंडस्ट्रीत याला रोटेशन म्हणतात. ज्या कंपनीकडे हाताशी जादा विमान असतं ती दुसरं विमान लावून साखळी तोडते. जिच्याकडे नसतं तिचे प्रवासी थांबतात. एअर इंडियाने फेब्रुवारी २०२३ मध्ये ४७० विमानांची ऑर्डर जाहीर केली खरी, पण विमानं काही मोबाइलसारखी दोन दिवसांत घरपोच येत नाहीत.

ही साखळी तुम्हाला फोनवर बघता येते. प्रत्येक प्रवासी विमानातला ट्रान्सपॉन्डर साधारण दर अर्ध्या सेकंदाला आपली जागा १०९० मेगाहर्ट्झवर सगळ्यांसाठी प्रसारित करतो. या पद्धतीचं नाव एडीएस-बी. यात जागा विमानाला जीपीएसवरून कळलेली असते आणि संदेश उघडा असतो, पासवर्ड वगैरे काही नाही. जगभरातले हौशी लोक गच्चीवर छोटा अँटेना लावून हे संदेश पकडतात आणि फ्लाइटरडार२४ सारख्या साइटना पाठवतात. संदेशात विमानाचा स्वतःचा कायमचा कोड असतो. फ्लाइट नंबर रोज वेगवेगळ्या विमानाला मिळतो, कोड मात्र त्या विमानालाच चिकटलेला. म्हणून एका विमानाचा दिवसभराचा प्रवास जोडता येतो.

करायचं इतकंच: अ‍ॅपमध्ये तुमचा फ्लाइट नंबर टाका आणि त्याला लावलेल्या विमानाचं रजिस्ट्रेशन शोधा. भारतीय विमानांचं रजिस्ट्रेशन ‘व्हीटी’ने सुरू होतं, आपल्याकडच्या ‘एमएच १४’ सारखंच. त्यावर टॅप केलं की ते विमान आत्ता कुठे आहे ते दिसतं. समजा तुमचं विमान पुण्याहून पावणेपाचला सुटायचंय. सव्वातीनला ते दिल्लीतच उभं असेल तर दोन तासांचं उड्डाण आणि पाऊण तासाची तयारी धरून सहाच्या आत काही निघत नाही. अ‍ॅप काहीही म्हणो.

पण यावर विसंबून घरून उशिरा निघू नका. कंपनी ऐनवेळी दुसरं विमान लावू शकते, आणि नवी वेळ अधिकृतपणे कळवलेली नसेल तर काउंटर जुन्या वेळेनुसारच बंद होतो. या माहितीचा खरा उपयोग पुढची कनेक्टिंग फ्लाइट हुकणार का, हे आधी कळण्यासाठी.

लोहगावचं वेगळेपण

लोहगाव हा मुळात हवाई दलाचा तळ. धावपट्टी आणि तिचं नियंत्रण हवाई दलाकडे, नागरी टर्मिनल विमानतळ प्राधिकरणाकडे. त्यामुळे कधी कधी नकाशावर आकाश रिकामं दिसतं आणि तरी तुमचं विमान रांगेत उभं असतं. सुखोई सरावाला निघालेली असतात, ती या अ‍ॅपवर दिसत नाहीत.

एअर इंडियाशी संबंधित दोन घटना इथल्याच. १५ फेब्रुवारी २०२० ला दिल्लीकडे निघालेलं ए३२१ धावपट्टीवर ताशी सुमारे २२० किलोमीटर वेगात होतं, तेव्हा पायलटना समोर जीप आणि एक माणूस दिसला. त्यांनी ठरल्यापेक्षा आधी नाक उचललं. विमान वर गेलं पण शेपटीकडचा भाग जमिनीला घासला. दिल्लीत ते सुखरूप उतरलं. मे २०२४ मध्ये सुमारे १८० प्रवासी असलेलं विमान उड्डाणासाठी धावपट्टीकडे जाताना सामान ओढणाऱ्या ट्रॅक्टरला धडकलं. कुणाला इजा झाली नाही. या दोन्ही वेळी प्रवाशांना दिसला तो फक्त खोळंबा.

जे कुठल्याच अ‍ॅपवर दिसत नाही

माझ्या मते एअर इंडियाची खरी दुखणी नोंदींमध्ये आहेत. २७ जानेवारी २०२२ ला ती टाटा समूहाकडे परत गेली. २००७ मध्ये इंडियन एअरलाइन्स तिच्यात विलीन झाली होती, नोव्हेंबर २०२४ मध्ये विस्तारा झाली. दर विलीनीकरणात विमानांबरोबर रजिस्टरं, डेटाबेस आणि कामाच्या सवयीही येतात.

जून २०२५ मध्ये डीजीसीएने क्रू शेड्युलिंगच्या कामातून तीन अधिकाऱ्यांना हटवायला सांगितलं. कुठल्या पायलटने किती तास उडायचं, किती विश्रांती घ्यायची, त्याचं लायसन्स चालू आहे का, हे सगळं तपासणारी ही सिस्टिम. कंपनी ‘आर्म्स’ नावाच्या जुन्या सॉफ्टवेअरवरून सीएईच्या सॉफ्टवेअरवर गेली, आणि त्यानंतरच्या आढाव्यात नियमभंग सापडले. प्रॉडक्शनवर डेटा मायग्रेशन केलेल्या कुणालाही हे ओळखीचं वाटेल: नवी सिस्टिम आली की जुन्या सिस्टिममध्ये झाकलेला घोळ वर येतो. आपल्याकडे त्यामुळे बिलाचा आकडा चुकतो, तिथे थकलेला पायलट कॉकपिटमध्ये बसतो.

नोव्हेंबर २०२५ मध्ये एक ए३२० आठ वेळा उडालं, उड्डाणयोग्यतेच्या प्रमाणपत्राची मुदत संपलेली असताना. कंपनीनेच ते डीजीसीएला कळवलं. त्याच महिन्यात कोलकात्याहून एक जुनं बोइंग ७३७ ट्रेलरवरून हलवलं. ते तिथे २०१२ पासून उभं होतं, आणि ते आपलंच आहे हे कंपनीच्या नोंदीतून निसटलं होतं. ऐकायला विनोदी आहे. पण मुदत संपलेलं प्रमाणपत्र आणि विसरलेलं विमान, दोन्ही एकाच आजाराची लक्षणं आहेत.

१२ जून २०२५ चा अहमदाबादचा अपघात मात्र या यादीत घुसडू नका. त्यात विमानातले २४१ आणि जमिनीवरचे १९, असे २६० जण गेले. प्राथमिक अहवालानुसार उड्डाणानंतर काही सेकंदांत दोन्ही इंजिनांचे इंधन स्विच एका सेकंदाच्या अंतराने ‘रन’वरून ‘कटऑफ’वर गेले. एका पायलटने ते का बंद केलेस असं विचारलं, दुसऱ्याने मी नाही केले असं सांगितलं. स्विच तिथे कसे गेले हे त्या अहवालात नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारे ‘खरं कारण’ व्हिडिओ याच जागेवर कल्पना भरतात.

तुमचा डेटा, तुमचे पैसे

२०२१ मध्ये प्रवाशांची माहिती सांभाळणाऱ्या सीटा कंपनीच्या सर्व्हरवर हल्ला झाला. एअर इंडियाच्या सुमारे ४५ लाख प्रवाशांची माहिती फुटली: नाव, जन्मतारीख, पासपोर्ट, तिकीट, काहींच्या कार्डाचे तपशीलही. ऑगस्ट २०११ ते फेब्रुवारी २०२१ या काळातला हा डेटा होता. घरात कुणी त्या काळात गल्फला किंवा अमेरिकेला गेलं असेल, तर पासपोर्टचे बरोबर तपशील सांगून येणारा ‘एअरलाइनचा’ फोन खराच असेल असं धरू नका. बोर्डिंग पासचा फोटोही स्टोरीला टाकू नका. पीएनआर आणि आडनाव मिळालं की बुकिंग उघडता येतं.

उशीर झाला तर डीजीसीएचे नियम तुमच्या बाजूने आहेत. पुणे-दिल्लीसारख्या अडीच तासांच्या आतल्या उड्डाणाला दोन तासांहून जास्त उशीर झाला तर खाणंपिणं कंपनीने द्यायचं. सहा तासांच्या वर गेला तर दुसरी फ्लाइट किंवा पूर्ण पैसे परत, निवड तुमची. वेळेत न कळवता फ्लाइट रद्द केली आणि प्रवास दोन तासांहून मोठा असेल तर भरपाई १०,००० रुपये किंवा मूळ भाडं अधिक इंधन शुल्क, यातली कमी असेल ती रक्कम. हवामान, सुरक्षा, हवाई नियंत्रण अशी कंपनीच्या हाताबाहेरची कारणं असतील तर भरपाई नाही, आणि काउंटरवर सगळ्यात आधी हेच ऐकायला मिळतं.

म्हणून कारण लेखी मागा, ईमेल किंवा एसएमएस काहीही चालेल. विमानाच्या आधीच्या फेरीचा, वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट ठेवा. कंपनी म्हणाली दिल्लीत धुकं होतं, आणि त्याच तासात बाकीची विमानं तिथून सुटलेली दिसत असतील, तर तो स्क्रीनशॉट तक्रारीला जोडता येतो. तक्रार आधी कंपनीकडे, दाद लागली नाही तर सरकारच्या एअरसेवा अ‍ॅपवर.