आधी मागं चालायला शिका

कुडव्यात टँगो कुणी शिकवत नाही. गाव गोंदिया शहराला चिकटलेलं, भोवती धानाच्या बांध्या, आणि नाच म्हटलं की इथल्या माणसाला वरात आठवते, नाहीतर मंडईतली दंडार. मी घरूनच नोकरी करतो. रात्री कंपनीचा लॅपटॉप मिटला की समोरच्या खोलीतली दिवाण भिंतीला सरकवतो आणि फरशीवर चालण्याचा सराव करतो. फक्त चालण्याचा. अठ्ठाविसाव्या वर्षी, चार वर्षं बॉलरूम नाचल्यानंतर, मी चालायला शिकतोय.

बॉलरूम मी पुण्यात इंजिनिअरिंग करताना शिकलो. वॉल्ट्झ, फॉक्सट्रॉट, क्विकस्टेप आणि टँगो. इंजिनिअरच्या डोक्याला तो प्रकार लगेच पटतो, कारण प्रत्येक आकृतीला नाव आहे, प्रत्येक पावलाची दिशा आणि मोजणी ठरलेली आहे, परीक्षेच्या पायऱ्या आहेत. पाठ केलं की येतं. त्यामुळे मागच्या वर्षी कामासाठी पुण्याला गेलो असताना अर्जेंटाईन टँगोच्या एका वर्गात शिरलो तेव्हा मनात थोडी मिजासच होती. टँगो तर मला येतच होता.

तिथं माझ्या आईच्या वयाच्या एका बाई जोडीला आल्या. चार-पाच पावलांतच त्या थांबल्या आणि हसून म्हणाल्या, "तुम्ही माझ्यासोबत नाचत नाही आहात. तुम्ही काहीतरी आठवताय."

ते वाक्य मी गोंदियापर्यंत रेल्वेत घेऊन आलो. आणि मग इतिहास वाचायला लागलो, कारण मला समजून घ्यायचं होतं की एकाच नावाचे दोन नाच इतके परके कसे झाले.

टँगो जन्मला एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी, रिओ दे ला प्लाता या नदीमुखाच्या दोन्ही काठांवर, म्हणजे ब्युनोस आयर्स आणि मॉन्टेव्हिडिओ या बंदरांत. आफ्रिकी वंशाच्या लोकांचा कांदोम्बे, क्यूबाकडून आलेला हाबानेरा, गावाकडची मिलोंगा असं बरंच काही त्यात मिसळलं. १८६९ च्या जनगणनेत ब्युनोस आयर्सची लोकसंख्या १ लाख ८७ हजारांच्या आसपास होती. १९१४ साली ती १५ लाखांच्या पुढे गेली होती आणि शहरातला जवळजवळ अर्धा माणूस परदेशात जन्मलेला होता. इटली आणि स्पेनमधून कामाच्या शोधात आलेले हे बहुतांशी पुरुष. बायका कमी, ओळख नाही, भाषा एक नाही. अशा गर्दीत अनोळखी माणसाला मिठीत घेऊन तीन मिनिटं चालायचं, हा त्या नाचाचा गाभा. आकृत्या नंतर आल्या. ज्या वाद्यामुळे टँगोला त्याचा हुंदका मिळाला ते बॅन्डोनिऑनसुद्धा जर्मनीहून आलेलं, म्हणजे तेही स्थलांतरितच.

पहिल्या महायुद्धाच्या आधी हा नाच पॅरिसला पोचला आणि १९१३ मध्ये युरोपला त्याचं वेड लागलं. लंडनच्या हॉटेलांत दुपारच्या चहासोबत टँगो सुरू झाला. जर्मनीच्या कैसरनं आपल्या अधिकाऱ्यांना गणवेशात तो नाचायला बंदी घातली. जो तो आपापल्या परीनं नाचत होता. शिकवणाऱ्यांची त्यामुळे पंचाईत व्हायची: एका वर्गात शिकलेली बाई दुसऱ्या वर्गातल्या पुरुषाबरोबर नाचू शकत नसे.

हा प्रश्न मला ओळखीचा वाटला. दोन प्रणालींना एकमेकींशी बोलायचं तर आधी दोघींनी एक करार मानावा लागतो. इंग्रज शिक्षकांनी तेच केलं. १९२० साली 'डान्सिंग टाइम्स'चे संपादक फिलिप रिचर्डसन यांनी शिक्षकांची परिषद बोलावली. १९०४ पासून चालत आलेल्या इम्पिरिअल सोसायटीनं १९२४ मध्ये बॉलरूमची वेगळी शाखा काढली. १९२२ चा विश्वविजेता व्हिक्टर सिल्व्हेस्टर या कामात पुढे होता. त्याचं बॉलरूमवरचं पुस्तक १९२७ मध्ये आलं. पावलं ठरली, लय ठरली. तिशीच्या दशकात त्यात मान झटक्यानं वळवण्याची ती प्रसिद्ध लकब आली, कारण स्पर्धेत लांब बसलेल्या परीक्षकाला ती दिसते. संगीतात ताशासारखा ड्रम आला; ब्युनोस आयर्सच्या वाद्यवृंदात सहसा ड्रम नसतोच.

अर्जेंटाईन टँगोच्या चाहत्यांना या इंग्रजांची चेष्टा करायला आवडतं. मला ते जमत नाही. नियम लिहिले गेले म्हणूनच कुडव्याच्या पोराला पुण्यात तो नाच शिकता आला. लिहिलेली गोष्ट प्रवास करते. पण लिहिता येतं तेवढंच प्रवास करतं. डावा पाय कुठं ठेवायचा हे वहीत उतरतं; समोरच्या माणसाचं वजन आत्ता कोणत्या पायावर आहे, हे उतरत नाही. आणि अर्जेंटाईन टँगो जवळजवळ सगळा त्या दुसऱ्या गोष्टीवर चालतो. पुढचं पाऊल ठरलेलं नसतं. छातीला छाती लागलेली असते, आणि प्रश्न-उत्तर तिथूनच होतं.

मग तिथली माणसं शिकायची कशी? १९३५ ते १९५५ हा टँगोचा सुवर्णकाळ. त्रोइलो, दि सार्ली, पुग्लिएसे यांचे वाद्यवृंद वाजत होते आणि शहर रोज रात्री नाचत होतं. त्या काळातली तरुण पोरं आधी 'प्राक्तिका'त जायची, म्हणजे पुरुषांच्याच सरावाच्या जागी. तिथं नव्या पोराला कित्येक महिने बाईची जागा घ्यावी लागे. मागं चालायचं, दुसऱ्याचं ऐकायचं. ते अंगात मुरलं की मगच पुढं नेण्याची बाजू, आणि त्याच्याही नंतर खऱ्या मिलोंगाला जाऊन एखाद्या बाईशी नजर मिळवण्याचा अधिकार.

हे मी जेवताना घरात सांगितलं तेव्हा आबाजी, म्हणजे माझे आजोबा, भाताचा घास तसाच हातात धरून थांबले.

आबाजी तरुणपणी दंडारीत नाचायचे. आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात, दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते आणि रात्री दंडार उभी राहते. बायकांची कामंही तेव्हा पुरुषच करायचे. हे मला ठाऊक होतं, पण त्याकडे मी घरातली एक गंमत म्हणूनच बघत आलो होतो.

"बाबू, मी आठ सालं बाईचा पाट केलो," आबाजी म्हणाले. "मंग मानसाचा भेटला. पयले बाईच्या अंगानं चालाले शिकलो, तवा समजलं का हात कोठी ठेवाचा."

दुसऱ्या दिवशी मी वही घेऊन त्यांच्यासमोर बसलो. म्हटलं, आबाजी, पावलं सांगा, लिहून घेतो. झाडीपट्टीच्या नाटकांचा आज मोठा हंगाम चालतो, परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली; पण आबाजींच्या गावची ती जुनी दंडार आता उभी राहत नाही. कुणीतरी लिहायला हवं. आबाजींनी एक-दोन-तीन असं मोजून बघितलं आणि अडकले. ढोलकीशिवाय त्यांना दुसरं पाऊल आठवेना. शेवटी वैतागून म्हणाले, वही ठेव, उभा राय. माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि चालायला लागले. मी मागं मागं. ऐंशीच्या घरातला माणूस, गुडघे दुखतात, पण त्यांचं वजन कोणत्या पायावर आहे हे मला नीट कळत होतं. पहिल्यांदाच कळत होतं.

वहीचं पान अजून जवळजवळ कोरं आहे. मी ते सोडलेलं नाही. व्हिडिओही काढतोय, कारण आबाजी कायम नाहीत आणि निम्मं जपलेलं हे काहीच न जपल्यापेक्षा बरं. इंग्रज शिक्षकांनीही असाच हिशेब केला असेल. पण व्हिडिओ संपल्यावर रोज दहा मिनिटं आम्ही दिवाण सरकवतो. आबाजी पुढं येतात, मी मागं जातो.

मागच्या महिन्यात पुन्हा पुण्याला गेलो. वर्गात पुढं नेणाऱ्यांच्या रांगेत उभा राहिलो नाही, समोरच्या रांगेत गेलो. त्या बाईंनी भुवया उंचावल्या, आणि मग हात पुढं केला.