आरशासमोरची ताई

पुण्यात पोरगं चार वर्षांचं होऊनही ‘कप’ला ‘तप’ म्हणत असेल, तर त्याला दुरुस्त करणाऱ्यांचा तोटा नसतो. आजोबा ‘क म्हण, क’ करत दिवसभर मागे लागतात. शेजारच्या काकू वेखंड उगाळून मधातून चाटवायला सांगतात. आत्याला आठवतं, की याचा बापही उशिराच बोलला होता. रामरक्षेने जीभ वळते हे तर सदाशिव पेठेत कुणी सांगावंही लागत नाही. या गर्दीत एक माणूस तेवढा नसतो: शाळेतच, वर्गाशेजारच्या खोलीत, आठवड्यातून तीन-चारदा त्या मुलाजवळ आरशासमोर बसून स्पीच थेरपिस्टने आखून दिलेला सराव नेमाने करून घेणारा मदतनीस. अमेरिकेतल्या शाळांत असं पद आहे, त्याला प्रशिक्षण आहे आणि पगारही. आपल्याकडे पद नाही. काम मात्र सव्वाशे वर्षांहून जास्त काळ चालू आहे. ते कुणाकुणाच्या हातून इथवर आलं, ते बघण्यासारखं आहे.

फार मागे जायची हौस असेल तर पाणिनीय शिक्षेपर्यंत जाता येतं. ऊर, कंठ, शिर, जिह्वामूल, दंत, नासिका, ओष्ठ, तालू अशी उच्चाराची आठ स्थानं तिथे नोंदलेली आहेत. आपली वर्णमाला घशातून निघून ओठांपर्यंत येते, तीही याच हिशेबाने. आजच्या स्पीच थेरपिस्टलाही हा नकाशा आयता मिळतो. तरी हा पूर्वज मला मान्य नाही. पाठशाळेत उच्चार घासून घेतले जात ते मंत्र बिघडू नये म्हणून. मूल बोलतं व्हावं ही तिथली काळजी नव्हती. ज्याला बोलताच येत नाही त्याला त्या ओट्यावर जागा कुठली? मनुस्मृतीने तर जन्मतः बहिऱ्याला आणि मुक्याला वडिलोपार्जित मालमत्तेतला वाटाही नाकारला होता. हा अडसर कायद्याने बहुतांशी दूर व्हायला 1928 साल उजाडलं.

खरा आरंभ मुंबईत सापडतो. 1880 साली इटलीत मिलानला बहिऱ्यांच्या शिक्षकांची परिषद भरली आणि हातवाऱ्यांपेक्षा तोंडी बोलणं श्रेष्ठ, असा ठराव तिने केला. त्यानंतर चार-पाच वर्षांतच बिशप लिओ म्यूरिन यांच्या पुढाकाराने माझगावला मूकबधिरांसाठी शाळा निघाली. ती देशातली पहिली मानली जाते. 1893 मध्ये कलकत्त्याची शाळा आली. मिलानच्या ठरावाची सावली पुढे जवळजवळ शंभर वर्षं राहिली. मुलं मधल्या सुट्टीत आपसांत भराभर हातांनी बोलायची आणि घंटा झाली की त्याच हातांची घडी घालून ओठ बघत बसायची. हा जाच होता, असं आज मोकळेपणाने म्हणता येतं. पण उच्चार शिकवण्याची कारागिरी घडली ती याच वर्गांत, हेही नाकारता येत नाही.

पुण्यात टिळक रस्त्यावरचं रुईया मूकबधिर विद्यालय, रेडक्रॉसची शाळा, सुहृद मंडळ, सी. आर. रंगनाथन विद्यालय ही या परंपरेतली घराणी. या शाळांत जुन्या पद्धतीने शिकवणाऱ्या बाईंचं सामान बघितलं तर हसू येईल: एक मोठा आरसा, कागदाच्या पट्ट्या, चमचा, थोडी साखर नाहीतर मध. मुलाचा हात स्वतःच्या गळ्यावर ठेवायचा आणि ‘ग’ म्हणायचं, मग ‘क’. एकात थरथर लागते, दुसऱ्यात लागत नाही. ओठांसमोर कागदाची पट्टी धरून ‘प’ म्हटलं तर ती जेमतेम हलते, ‘फ’ला फडफडते. नाकाखाली छोटा आरसा धरला की ‘म’ म्हणताना त्यावर वाफ धरते, ‘ब’ म्हणताना काच कोरडी राहते. वर जायला तयार नसलेल्या जिभेसाठी टाळूला साखर लावायची. जीभ आपसूक वर जाते.

आणि आजोबांना न जमलेला ‘क’? जिभेचं टोक चमच्याने हलकेच खाली दाबून धरायचं आणि मुलाला ‘त’च म्हणायला सांगायचं. टोक अडकलेलं असल्याने जिभेची मागची बाजू उचलली जाते आणि ‘त’ म्हणू बघणाऱ्या तोंडातून ‘क’ बाहेर पडतो. मूल स्वतःच चकित होतं. पण एकदा निघालेला ‘क’ म्हणजे आलेला ‘क’ नव्हे. तो सुटा घोटवायचा, मग ‘काका’त, मग ‘बकरी’त, मग ‘नाका’त, पुढे वाक्यात, आणि सगळ्यात शेवटी खेळता-भांडता बोलण्यात. चमच्याची युक्ती पाच मिनिटांची असते, पुढची घोटाई महिनोन्‌महिने चालते. ‘क’ नेमका कुठे अडतो हे ठरवायला थेरपिस्टच लागतो, घोटाईला चिकाटीचा आणि नीट शिकवलेला माणूस पुरतो. शाळेतल्या मदतनिसाची गरज इथे जन्मते.

ही घोटाई आपल्याकडे कुणी केली? आयांनी. बहिऱ्या मुलांच्या शिक्षणात फॅन उडेन या डच शिक्षणतज्ज्ञाची एक पद्धत आपल्याकडे बरीच रुजली. आई तान्ह्या बाळाचं अर्धंमुर्धं हुंकारणं जसं उचलते, त्याला शब्द देते आणि ते परत त्यालाच ऐकवते, तसं वर्गात करायचं, असं तिचं सूत्र. मूल घरून काहीतरी सांगत येतं, बाई ते फळ्यावर त्याच्याच वाक्यात मांडतात आणि तोच दिवसाचा धडा होतो. म्हणजे आईचं काम उचलून वर्गात आणलं. मग वर्गात वेळ पुरेना, तेव्हा तेच काम वहीत लिहून आईकडे परत धाडलं. जगातही हेच चाललं होतं. 1942 मध्ये लॉस एंजेलिसला लुईझ ट्रेसी यांनी काढलेलं केंद्र बहिऱ्या मुलांच्या आईबापांना टपालाने फुकट धडे पाठवायचं. चेन्नईच्या बालविद्यालयात आया मुलांबरोबर वर्गातच बसतात.

दरम्यान थेरपिस्ट नावाचा माणूस वेगळ्याच दारातून आला. 1960 च्या दशकात मुंबईच्या नायर रुग्णालयात वाचा-श्रवणाचं शिक्षण सुरू झालं, त्याच सुमारास म्हैसूरला याच विषयाची अखिल भारतीय संस्था उभी राहिली आणि 1983 मध्ये वांद्र्याला अली यावर जंग संस्था आली. पुण्यात भारती विद्यापीठाने स्वतंत्र महाविद्यालय काढलं. शिक्षणाची सोय झाली, पण थेरपिस्टची खुर्ची मांडली गेली ती नाक-कान-घशाच्या बाह्यरुग्ण विभागाशेजारी. शाळेपासून लांब.

अमेरिकेत उलटं घडलं. शिकागोच्या सरकारी शाळांनी 1910 मध्येच उच्चार सुधारणारे शिक्षक नेमले होते, म्हणजे हा माणूस शाळेतच जन्मला. मुलं जास्त आणि तज्ज्ञ कमी हे उघड दिसू लागल्यावर तिथल्या व्यावसायिक संघटनेने 1969 मध्ये मदतनिसांसाठी पहिले नियम केले. 1975 च्या कायद्याने अपंग मुलाचं शिक्षण ही शाळेची जबाबदारी ठरली आणि मदतनिसाला कायमचं काम मिळालं. 2020 मध्ये त्याच्यासाठी देशपातळीवरचं प्रमाणपत्रही आलं. त्याच्या मर्यादा लेखी आहेत: निदान करायचं नाही, चाचणीचा अर्थ लावायचा नाही, आखणी आपल्या मनाने बदलायची नाही. घोटवून घ्यायचं आणि नोंद ठेवायची.

आपल्याकडे रुग्णालय आणि शाळा यांच्यामधलं अंतर आईच्या स्कूटरने भरून काढलं. कर्वे रस्त्यावरच्या किंवा कोथरूडच्या कुठल्याही दवाखान्याबाहेर संध्याकाळी हे दिसतं. मूल गणवेशातच असतं, अर्ध्या तासाची बैठक, शेवटच्या पाच मिनिटांत आईला आत बोलावून घरचा अभ्यास सांगितला जातो, तो दोनशे पानी वहीत उतरतो. चित्रं चिकटवलेली, शब्दांपुढे बरोबर-चूकच्या खुणा. ही वही म्हणजे हुबेहूब मदतनिसाची नोंदवही आहे. फक्त ती लिहिणारीला कुणी पगार देत नाही. पुष्कळदा यासाठी तिने हातातली नोकरी सोडलेली असते. आणि जिला नोकरी सोडणं परवडत नाही, धुण्याभांड्याची चार घरं करून जी परत येते, तिच्या मुलाची वही तिसऱ्या पानावर थांबते.

कायदे झाले, नाही असं नाही. 1992 च्या भारतीय पुनर्वास परिषदेच्या कायद्याने या क्षेत्रात नोंदणी सक्तीची केली. त्याच चौकटीत बारावीनंतरचा एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम आहे: श्रवण, भाषा आणि वाचा. कागदावर बघितलं तर शाळेतल्या मदतनिसाच्या सगळ्यात जवळचा माणूस हाच. पण शाळांत त्याच्यासाठी जागाच काढलेली नाही, त्यामुळे हे पदविकाधारक रुग्णालयांत आणि श्रवणयंत्रांच्या दुकानांतच जास्त दिसतात. 2013 मध्ये पालघरला सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाने अंगणवाड्या आणि शाळांत मुलांची तपासणी सुरू केली, पण तपासणीत सापडलेल्या मुलाला पुन्हा जिल्ह्याच्या केंद्रावरच जायचं असतं.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंगत्वाचे 21 प्रकार मानले, त्यात वाचा आणि भाषा आली. आनंद वाटला, तेवढ्यात व्याख्या वाचली. स्वरयंत्र काढावं लागणं किंवा मेंदूच्या इजेने भाषा जाणं अशा शारीरिक वा मज्जासंस्थेच्या कारणांनी आलेलं कायमचं अपंगत्व, एवढंच तिच्यात बसतं. ‘तप’वाला मुलगा तिच्यात नाही, आणि अडखळणारी पाचवीतली मुलगीही सहसा नाही. त्यांना प्रमाणपत्र नाही, म्हणून शाळेच्या हिशेबात ती मुलं नाहीतच.

मधल्या काळात पुण्याच्या खासगी शाळांनी आपला तोडगा काढला: शॅडो टीचर. मुलाशेजारी वर्गात दिवसभर बसणारी ताई. ती लावायची शाळेने सांगितल्यावरून आणि तिचे पैसे द्यायचे पालकांनी. कुणी मानसशास्त्राची पदवीधर असते, कुणी बालवाडीचा कोर्स केलेली, तर कुणी शेजारच्या इमारतीतली सुशिक्षित गृहिणी. यातल्या काही जणी फार चांगलं काम करतात. पण तिला काय करायचं आणि काय नाही हे लिहून देणारा कुणी नसतो, म्हणून ती दुरुस्त करू नये तेही करत बसते. वस्तीतून आलेला मुलगा ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणतो तो त्याच्या घरच्या बोलीमुळे, दोषामुळे नव्हे. थेरपिस्टला हा फरक शिकवलेला असतो. पुण्यात शिकलेल्या ताईला मात्र नेमका तोच ‘न’ आधी टोचतो. सहा महिने ‘ण’वर जातात आणि मुलाचा ‘क’ आहे तिथेच राहतो.

2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विशेष शिक्षकांचा प्रश्न हातात घेतला आणि प्राथमिक वर्गांत दहा, तर पुढे पंधरा दिव्यांग विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक असं प्रमाण घालून दिलं. समग्र शिक्षा अभियानात वर्षानुवर्षं कंत्राटावर शाळाशाळांतून फिरणाऱ्या विशेष शिक्षकांची मागणी त्याआधीपासूनची होती. अखेर 2024 मध्ये राज्याने केंद्रस्तरावर 4,860 विशेष शिक्षकांच्या पदांना मंजुरी दिली. एका केंद्रात दहा-बारा शाळा धरल्या, तर एका शिक्षकाच्या वाट्याला एक शाळा पंधरा दिवसांतून एकदा येते. त्यातही दृष्टी, श्रवण, मतिमंदत्व, स्वमग्नता असं सगळंच त्याच्याकडे. घोटाईला आठवड्यातले तीन दिवस लागतात. तोवर आईची वही चालू आहे, आणि नवी वही आणायला सांगायचं काम अजून थेरपिस्टच करतो.