रमण्यापासून शिष्यवृत्तीच्या पेपरापर्यंत

पेशवाईत श्रावण लागला की पुण्याच्या वाटा ब्राह्मणांनी फुलून जात. वैदिक, शास्त्री, पुराणिक आणि नुसतेच पोटार्थी भिक्षुक असे सगळे दूरदूरून येऊन पर्वतीच्या पायथ्याशी रमण्यात जमत. श्रावणातली ही दक्षिणा मूळची तळेगावच्या सेनापती दाभाड्यांची. १७३१ साली डभईच्या लढाईत त्र्यंबकराव दाभाडे पडले, घराण्याचा जोर ओसरला, आणि हा रिवाज पेशव्यांनी पुण्यात चालू ठेवला. साध्या भिक्षुकाच्या ओंजळीत थोडंच पडे. ज्याला विद्येचा मान हवा असेल, त्याला मात्र शास्त्रीमंडळींसमोर बसून परीक्षा द्यावी लागे, आणि उतरला तर त्या मानाने दक्षिणा मिळे. राज्याने परीक्षा घ्यायची, हुशारी ठरवायची आणि तिच्या हातावर पैसे ठेवायचे, ही पुण्याची रीत इतकी जुनी आहे. आज चौथी-पाचवीतलं पोर शिष्यवृत्तीचा पेपर सोडवतं, त्या पेपराचं कूळ शोधत गेलं की आपण रमण्याच्या दारात येऊन उभे राहतो.

रमण्यातली ही परीक्षा मोठ्यांची होती, आणि एकाच जातीची होती. त्या काळी लहान मुलं शिकत ती पंतोजींकडे, कुणाच्या तरी ओसरीवर किंवा देवळात. धूळपाटीवर अक्षरं, मग उजळणी, मग मोडी वाचन, मग हिशेब. तिथे छडी होती, घोकंपट्टी होती, त्या शाळेचे गोडवे गाण्याचं कारण नाही. पण एक गोष्ट तिच्यात होती जी पुढे हरवली. तिथे इयत्ता नव्हती. ज्या पोराची पावकी-निमकी पाठ झाली ते पुढे सरकायचं, ज्याची झाली नाही ते तिथेच राहायचं, आणि पुढे गेलेलं पोर मागच्याला घोकून घ्यायचं. कुणाचं वय किती, याच्याशी पंतोजींना कर्तव्य नव्हतं.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली. इंग्रज अधिकारी एल्फिन्स्टनने दक्षिणा एकदम बंद केली नाही. पुण्यातली विद्वान मंडळी बिथरू नयेत, हा त्यातला हिशेब उघड होता. त्याच दक्षिणेच्या पैशातून ६ ऑक्टोबर १८२१ रोजी विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा उघडली. तिचं १८५१ मध्ये पूना कॉलेज झालं आणि १८६४ मध्ये डेक्कन कॉलेज. मधल्या काळात लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख आणि त्यांच्या बरोबरच्या तरुणांनी सरकारकडे अर्ज केला की या फंडातला काही पैसा मराठीत उपयोगी पुस्तकं लिहिणाऱ्यांना द्यावा. सनातन्यांनी गदारोळ केला. तरी दक्षिणा प्राइज कमिटी उभी राहिलीच, आणि मराठी ग्रंथांना बक्षिसं मिळू लागली.

पुढची पायरी मला या सगळ्या कुळात सर्वांत शहाणी वाटते. मुंबई विद्यापीठ निघाल्यावर त्याच फंडातून कॉलेजांत ‘दक्षिणा फेलो’ नेमले जाऊ लागले. पदवी घेतलेल्या किंवा घेऊ घातलेल्या बुद्धिमान तरुणाला वेतन द्यायचं. त्याने आपला अभ्यास पुढे न्यायचा आणि खालच्या वर्गांना थोडं शिकवायचं. महादेव गोविंद रानडे दक्षिणा फेलो होते, रामकृष्ण गोपाळ भांडारकरही होते. इथे बुद्धीला नुसतं बक्षीस मिळत नव्हतं, तिला वेळ आणि काम मिळत होतं. पंतोजींच्या ओसरीवरची जुनी युक्ती कॉलेजात नव्या कपड्यांत आली होती.

शाळांत मात्र उलटं घडत होतं. सरकारी शिक्षणखातं १८५५ मध्ये उभं राहिलं आणि त्याबरोबर इयत्ता आल्या, तपासनीस आले, वर्षाअखेरची परीक्षा आली, वयाची अट आली. ही अट माणसाला कशी आडवी येते, त्याची सर्वांत बोलकी हकीगत धोंडो केशव कर्व्यांची आहे. १८७५ साली मराठी सहावीची सरकारी परीक्षा साताऱ्याला होती. परीक्षेला बसायला वय सतरा पुरं हवं. कर्वे मुरुडचे, दापोलीजवळचे. पावसापाण्याचे दिवस, मध्ये सह्याद्री. सोबत्यांबरोबर घाट चढून, शंभर मैलांहून जास्त चालत ते साताऱ्याला पोचले. परीक्षा घेणाऱ्यांपुढे उभे राहिले. सतरा पूर्ण झालेली होती. पण शरीर किरकोळ, चेहरा पोरसवदा. हा काही सतरा वर्षांचा दिसत नाही, असा निवाडा झाला आणि त्यांना परीक्षेला बसू दिलं नाही. त्यांनी किती अभ्यास केलाय हे कुणी विचारलंच नाही. हेच कर्वे १८९१ मध्ये फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायला पुण्यात आले, आणि पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे.

शिष्यवृत्त्यांवरचं सगळ्यांत धारदार बोट याच पुण्यातून ठेवलं गेलं, आणि ते जोतीराव फुल्यांनी. १८८२ मध्ये शिक्षणाची पाहणी करणाऱ्या हंटर कमिशनला दिलेल्या निवेदनात त्यांनी सांगितलं की सरकारी शिष्यवृत्त्या चढाओढीने देण्याची पद्धत दिसायला न्याय्य असली, तरी तिने इतर वर्गांत शिक्षण पसरत नाही. म्हणून ज्या वर्गांत शिक्षण पोचलंच नाही त्यांच्यासाठी काही शिष्यवृत्त्या राखून ठेवाव्यात. रमण्यात कोणाला प्रवेश होता आणि कोणाला नव्हता हे ज्याने डोळे उघडे ठेवून पाहिलं, त्यालाच हे सुचलं असतं. परीक्षा सगळ्यांना सारखी असली की झालं, असं मानणाऱ्यांनी हे निवेदन पुन्हा वाचावं. हुशारी शोधायची तर आधी शोधणाऱ्याला त्या वस्तीत जावं लागतं.

यानंतर कुळात एक परका पाहुणा येतो. पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमों यांनी १९०५ मध्ये एक चाचणी तयार केली. वर्गात मागे पडणारी, वेगळ्या शिकवण्याची गरज असलेली मुलं ओळखायला. अमेरिकेत लुईस टर्मनने १९१६ मध्ये तिला नवं रूप दिलं आणि पुढे तिच्याच बळावर अतिशय तल्लख मुलं शोधायला घेतली. आपल्याकडे ही चाचणी मराठी आणि कानडी मुलांसाठी डॉ. व्ही. व्ही. कामतांनी बसवली. त्यांचं पुस्तक १९४० मध्ये निघालं. ‘बिने-कामत’ म्हणून ती आजही मानसतज्ज्ञांच्या कपाटात असते.

ही चाचणी घेताना पाहण्यासारखी असते. खोलीत दोघंच, मूल आणि तपासणारा. मुलाच्या वयापेक्षा थोडे सोपे प्रश्न आधी, म्हणजे ते मोकळं होतं. मग वर वर चढायचं. सात वर्षांचं मूल सातचे प्रश्न सोडवतं, आठचे सोडवतं, नऊचे काही सोडवतं, आणि कुठेतरी अडतं. तपासणारा वेळ बघतो, पण त्याहून जास्त बघतो ते मूल अडल्यावर काय करतं: चिडतं, हसतं, की गप्प बसून पुन्हा पहिल्यापासून लावून बघतं. मानसिक वयाला खऱ्या वयाने भागून शंभराने गुणायचं की बुद्ध्यंक निघतो. आकड्यापेक्षा ते तासाभराचं निरीक्षण मोलाचं असतं, असं हे काम मनापासून करणारे लोक सांगतात.

आता हीच गोष्ट लाखो मुलांच्या हाती छापील कागदावर द्यायची म्हटलं की काय होतं? राज्यात १९५४-५५ पासून चौथी आणि सातवीला शिष्यवृत्ती परीक्षा सुरू झाली. ती घेणारी राज्य परीक्षा परिषद पुण्यातच. मध्ये काही वर्षं ती पाचवी-आठवीला गेली. दीडशे-दीडशे गुणांचे दोन पेपर: एकात भाषा आणि गणित, दुसऱ्यात तिसरी भाषा आणि ‘बुद्धिमत्ता चाचणी’. गटात न बसणारं पद, संख्यामालिका, आरशातली प्रतिमा, सांकेतिक भाषा, घड्याळाचे काटे. हे सगळे बिनेचे नातू-पणतू. पण बिनेची चाचणी मुलाने आधी पाहिलेली नसावी, हा तिचा प्राण होता. आपण तिचा विषय केला. तिची मार्गदर्शकं निघाली, सराव संच निघाले, जादा तास सुरू झाले. वर्षभर आरशातल्या प्रतिमा गिरवलेल्या मुलाला शेवटी किती गुण पडले, यावरून त्याची बुद्धी कळत नाही. त्याला वर्षभर कुणी बसवलं एवढं कळतं.

तरी मी या परीक्षेला मोडीत काढणार नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या कितीतरी गुरुजींनी आणि बाईंनी संध्याकाळी, सुट्टीच्या दिवशी, एक पैसा न घेता मुलांकडून हिची तयारी करून घेतली आहे. आपल्या गावातलं पोर गुणवत्ता यादीत आलं की सगळ्या शाळेला बळ येतं. फुल्यांनी मागितलेलं थोडंसं तरी या वाटेने घडलं. १९६६ पासून सरकारने ग्रामीण भागातल्या हुशार मुलांसाठी निवासी शासकीय विद्यानिकेतनं काढली, पुसेगाव, औरंगाबाद, धुळे अशा ठिकाणी, आणि तिथे जायची शिडीही हीच परीक्षा होती. मुलाला निवडल्यावर त्याला वेगळं काही शिकवायचं, हा विचार सरकारी यंत्रणेने गांभीर्याने केला तो तिथे. दुर्दैवाने त्या शाळा मूठभरच राहिल्या.

पुण्यात तोच विचार सरकारबाहेर आधीच सुरू झाला होता. डॉ. विनायक विश्वनाथ पेंडसे, सगळ्यांचे आप्पा, यांनी १९६२ मध्ये ज्ञान प्रबोधिनी स्थापली. देशाला निरनिराळ्या क्षेत्रांत नेतृत्व करणारी माणसं हवीत आणि ती घडवायची तर बुद्धिमान मुलांकडे लक्ष द्यायला हवं, ही त्यांची धारणा. सुरुवातीला प्रबोधिनी ही शाळा नव्हतीच. शहरातल्या निरनिराळ्या शाळांतली निवडलेली मुलं आपली शाळा सुटली की तिथे यायची. १९६९ मध्ये प्रशाला निघाली. मुलांनी प्रकल्प करायचे, खेड्यात जाऊन राहायचं, तज्ज्ञांना प्रश्न विचारायचे, वाद घालायचे. गणेशोत्सवात आज पुण्यात जी ढोलपथकं घुमतात, त्या चालीची सुरुवातही आप्पांच्या या मुलांनी केली. प्रबोधिनीच्या मानसशास्त्र विभागाने गिलफर्ड या मानसशास्त्रज्ञाच्या सिद्धांतावर आधारलेल्या चाचण्या मराठीत रचल्या, कारण नुसत्या एका बुद्ध्यंकाने त्यांचं समाधान होत नव्हतं. नवं सुचणं, अनेक उत्तरं शोधणं, हेही मोजायला हवं असं त्यांना वाटलं. हुशार मुलाचं पुढे करायचं काय, या प्रश्नाला पुण्याने दिलेलं सर्वांत विचारपूर्वक उत्तर हेच. पण जागा मोजक्या, आणि सदाशिव पेठेत.

गणितज्ञ श्रीराम अभ्यंकरांनी १९७६ मध्ये काढलेलं भास्कराचार्य प्रतिष्ठान असो की आयुका या खगोलसंशोधन संस्थेची मुक्तांगण विज्ञान शोधिका, दोन्हीकडे जिज्ञासू मुलांना खरं खाद्य मिळतं. पण ते शाळेबाहेर. तिथपर्यंत पोचायला घरातलं कुणीतरी मोठं माणूस लागतं, जे मुलाला बसने नेईल, थांबेल, परत आणेल. पालिकेच्या शाळेतल्या ज्या मुलीची आई त्याच वेळी चार घरची धुणीभांडी करत असते, तिच्यासाठी विज्ञान शोधिका फार लांब आहे.

ती मुलगी रोज काय करते, ते एकदा वर्गात मागच्या बाकावर बसून पाहावं. बाई फळ्यावर भागाकाराची पाच गणितं घालतात. तिची पाचही पहिल्या काही मिनिटांत होतात. ती वही मिटते. बाजूचीला सांगू लागते, तर बाई म्हणतात, ‘तिचं तिला करू दे.’ मग ती वहीच्या मागच्या पानावर फुलं काढते. पुढच्या तासाला तेच. वर्ष असंच जातं. बाईंचा दोष नाही. चाळीस जणांपैकी निम्म्यांना भागाकार अजून जमलेला नाही, आणि त्यांची काळजी आधी करायलाच हवी. पण फुलं काढून काढून ही मुलगीही एक दिवस गणित करायचं सोडते.

पूर्वी अशा पोराला हेडमास्तर एकदम वरच्या इयत्तेत घालत. डबल प्रमोशन म्हणत त्याला, आणि आजोबांच्या पिढीत घरोघर एखादा तरी असा निघायचा. आता ती रीत जवळजवळ संपली. शिक्षणहक्क कायदा २००९ चा; त्याच्या चौथ्या कलमात शाळेबाहेर राहिलेल्या मुलाला त्याच्या वयाच्या इयत्तेत घेऊन विशेष प्रशिक्षण द्यावं अशी तरतूद आहे, आणि ती अगदी योग्य आहे. डोक्याने पुढे असलेल्या मुलाबद्दल त्या कलमात काही नाही. इयत्ता ओलांडल्याने मुलाचं बालपण कोमेजतं ही भीती पालकांना असते. अमेरिकेत आयोवा विद्यापीठातून २००४ मध्ये निघालेल्या अहवालाने कित्येक दशकांचं संशोधन तपासून सांगितलं की नीट पारखून पुढे घातलेली मुलं सहसा अभ्यासातही तरतात आणि मित्रमंडळीतही. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात विशेष प्रतिभा असलेल्या मुलांवर स्वतंत्र परिच्छेद आहेत: पूरक साहित्य, विषयवार मंडळं, बी.एड.मध्ये या मुलांच्या शिक्षणाचं वेगळं प्रशिक्षण. कागद चांगला आहे.

पण पालिकेच्या आणि जिल्हा परिषदेच्या मुख्याध्यापकांनी या कागदाची वाट पाहू नये, एवढीच विनंती आहे. पूर्ण इयत्ता ओलांडायची गरज नाही. चौथी आणि पाचवीचा गणिताचा तास वेळापत्रकात एकाच वेळी ठेवा. चौथीतली जी दोन-तीन मुलं पुढे गेली आहेत, त्यांना तेवढ्या तासापुरतं पाचवीत जाऊन बसू द्या, आणि आठवड्यातून एकदा आपल्याच वर्गात परत येऊन मागे पडलेल्याला शिकवू द्या. हजेरी चौथीतच राहील, जन्मतारीख तीच राहील, खात्याची परवानगी लागणार नाही. येत्या जूनमध्ये वेळापत्रक लावताना करून पाहा.