आधीं पुस्तकें कीं आधीं अभ्यासक्रम?

विद्यापीठाच्या अभ्यासमंडळाची सभा भरली आणि एखाद्या नव्या विषयाचा अभ्यासक्रम पुढें आला, कीं एक प्रश्न हटकून विचारला जातो : ‘ह्या विषयावर नेमण्याजोगीं पुस्तकें आहेत कोठें?’ प्रश्न व्यवहाराचा असतो, विचारणारा गृहस्थ बहुधा वयानें व अनुभवानें वडील असतो, आणि त्यामुळें सभेचा कल तिकडेच झुकून विषय पुढल्या वर्षावर पडतो. ह्या प्रश्नाचा आपल्या इकडील इतिहास मोठा उद्बोधक आहे. खुद्द मराठी भाषा ह्याच प्रश्नाला अडखळून मुंबई विद्यापीठाच्या वरिष्ठ परीक्षांच्या उंबरठ्याबाहेर सुमारें पस्तीस-चाळीस वर्षें तिष्ठत उभी होती.

मुंबईचें विद्यापीठ १८५७ सालीं लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर स्थापन झालें. तें त्या काळीं शिकवीत नसे. केवळ परीक्षा घेत असे. अशा संस्थेंत अभ्यासक्रम म्हणजे परीक्षेचे नियम आणि नेमलेल्या पुस्तकांची यादी, एवढाच काय तो कागद. पण त्या कागदाचें वजन थोडें नव्हतें. यादींत जें नाहीं तें कॉलेजांत शिकविलें जात नसे, जें शिकविलें जात नसे त्याचें पुस्तक खपत नसे, आणि जें खपत नसे तें दुसऱ्यांदा छापण्याच्या भरीस कोणी पडत नसे. आरंभींच्या नियमांत मराठी-गुजराती ह्या भाषांना थोडी जागा होती. १८५४ च्या वुडच्या खलित्यानेंही देशी भाषांच्या उच्च अध्यापनाची सोय सुचविली होती. परंतु १८६० नंतरच्या चारदोन वर्षांतच ही जागा गेली. ग्रीक, लॅटिन, संस्कृत यांसारख्या प्राचीन भाषांना मान मिळाला आणि मराठी बाहेर पडली.

ह्या फेरफारामागें मुख्यतः सर अलेक्झांडर ग्रँट होते. हे एल्फिन्स्टन कॉलेजचे प्रिन्सिपॉल व पुढें विद्यापीठाचे कुलगुरु. त्यांना मराठीचे द्वेष्टे ठरविणें अन्यायाचें होईल. ते ऑक्सफर्डांत वाढलेले, अरिस्टॉटलच्या नीतिशास्त्राचे संपादक. बुद्धीला वळण लागावयाचें तें प्राचीन भाषेच्या तालमींतच, ही त्यांची शिक्षणाची कल्पना. मातृभाषा मूल आईच्या मांडीवर शिकतें, तिची परीक्षा ती काय घ्यावयाची, असा त्या संप्रदायाचा सूर होता. गंमत अशी, कीं हाच आक्षेप ऑक्सफर्डांत खुद्द इंग्रजीवर होता. इंग्रजी वाङ्मयाचा स्वतंत्र पदवी-अभ्यासक्रम तेथें १८९४ सालीं स्थापन झाला. म्हणजे आमचीं मुलें मुंबईस बी. ए. च्या परीक्षेसाठीं शेक्सपिअर पाठ करीत होतीं, तेव्हां ऑक्सफर्डच्या मुलांना त्याच्यावर पदवी मिळविण्याची सोय नव्हती.

मराठींत नेमण्याजोगे ग्रंथ नाहींत, हें दुसरें कारण. तें अगदींच निराधार नव्हतें. मोल्सवर्थचा कोश होता (१८३१, दुसरी आवृत्ति १८५७), दादोबा पांडुरंगांचें व्याकरण १८३६ पासून होतें, परशुरामपंत तात्या गोडबोल्यांचें ‘नवनीत’ १८५४ सालीं निघालें होतें, पण हा सारा शाळांचा व साहेबांना भाषा शिकविण्याचा सरंजाम. हें खरें धरलें तरी विचारावेंसें वाटतें, कीं संस्कृत सक्तीनें नेमलें तेव्हां त्याचीं तरी पुस्तकें कोठें तयार होतीं? पोथ्या होत्या, शास्त्री होते. कॉलेजच्या मुलाच्या हातीं देण्याजोगी, पाठभेद व टीपा असलेली छापील आवृत्ति दुर्मिळ होती. विषय नेमला गेला आणि मग पुस्तकें झालीं. भांडारकरांनीं शाळांसाठीं संस्कृतचीं दोन पुस्तकें लिहिलीं. ब्यूलर व कीलहॉर्न यांनीं मुंबई संस्कृत ग्रंथमाला सुरू केली. तींत १८७६ सालीं भांडारकरांचें ‘मालतीमाधव’ आलें.

ह्याच मालेंत शंकर पांडुरंग पंडित यांनीं ‘मालविकाग्निमित्र’ १८६९ मध्यें संपादून दिलें. आणि त्याच वर्षीं, त्यांच्याच देखरेखीखालीं, विष्णु परशुरामशास्त्री पंडितांनीं जुन्या वह्या ताडून सिद्ध केलेल्या तुकारामाच्या गाथेचा पहिला भाग सरकारी साह्यानें बाहेर पडला. दुसरा भाग १८७३ सालीं आला. विद्वान् तोच, साक्षेप तोच, वर्षही तेंच. पण कालिदास कॉलेजांत गेला आणि तुकाराम दाराशीं राहिला. ग्रंथ नाहींत ही सबब त्या दिवसापासून तरी लंगडी पडली होती, असें माझें मत आहे. उणीव होती ती यादींतल्या एका ओळीची.

ती ओळ घालविण्यासाठीं महादेव गोविंद रानडे झटले. १८६२ सालीं जे पहिले पदवीधर बाहेर पडले त्यांतले ते. हायकोर्टाच्या न्यायासनावर बसलेल्या ह्या माणसानें सभांतून तक्रार करून न थांबतां प्रश्नाला प्रश्नाच्याच भाषेंत उत्तर दिलें : मराठींत काय काय छापलें गेलें ह्याचा आढावा घेऊन वाङ्मयाच्या वाढीवर एक इंग्रजी टिपण लिहिलें (१८९८). त्यांत भावना थोडी, हिशेब फार. १६ जानेवारी १९०१ रोजीं रानडे वारले, आणि त्याच वर्षीं मराठीचा एम्. ए. च्या परीक्षेंत प्रवेश झाला. कलकत्त्यास आशुतोष मुखर्जींनीं देशी भाषांना एम्. ए. चें दार उघडलें तें १९१९ च्या सुमारास; त्या मानानें मुंबईनें घाई केली म्हणावयाची! प्राचीन नाहीं म्हणून जी भाषा वगळली, तिला ३ ऑक्टोबर २०२४ रोजीं केंद्र सरकारनें अभिजात ठरविलें, हें ग्रँटसाहेबांना कसें वाटलें असतें कोण जाणे.

रानड्यांच्या हिशेबांत मात्र एक ग्रंथ नव्हता, आणि असणें शक्यही नव्हतें. तेराव्या शतकाच्या अखेरीचें म्हाइंभटांचें ‘लीळाचरित्र’ तेव्हां महानुभावांच्या मठांत सांकेतिक लिपींत बंद होतें. विसाव्या शतकाच्या आरंभीं राजवाडे, भावे आदि संशोधकांच्या खटपटीनें त्या लिपीची किल्ली हातीं आली, आणि १९३६-३७ च्या सुमारास हरि नारायण नेने यांनीं तो ग्रंथ छापून काढला. तोंपर्यंत मराठी हा विषय परीक्षेंत येऊन पस्तीस वर्षें झालीं होतीं. ग्रंथ निघाला तेव्हां तो वाचावयास एम्. ए. झालेली एक अख्खी पिढी तयार होती.